बरगड्या दिसतात, नॉर्मल आहे का? कारवानवाल्यांच्या ग्रुपचा नीट उपयोग कसा करून घ्यायचा

हरणीला, म्हणजे आमच्या कारवान जातीच्या देशी शिकारी कुत्रीला, घरी आणून तीनेक महिने झाले असतील, तोवर पुण्यात धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं होतं की ही बाई कुत्रीला उपाशी ठेवते. वॉचमनदादा माझ्या नकळत तिला बिस्किटं घालायचे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे न बघता म्हणायच्या, काय गं बाई, खायला देत नाहीत का तुला. बरं, पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनीही वजन वाढवा म्हणून टॉनिक लिहून दिलं. मी रोज अर्धा किलो चिकन उकडून घालतेय आणि ही तशीच्या तशी, बरगड्या मोजून घ्या.

शेवटी एका मैत्रिणीच्या दिराने मला कारवान पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. मी फोटो टाकला आणि घाबरत घाबरत विचारलं. पाच मिनिटांत लातूरकडच्या एका काकांची व्हॉइस नोट आली, मागे शेळ्यांचा आवाज, "ताई, चांगलं हाय की जनावर तुमचं. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पायजेत कारवानीच्या. नाय दिसल्या तर समजायचं लाडू झाला. कंबर बघा कशी आत गेलीय. पळायचं जनावर हाय ते." मी ती नोट काकूंना लिफ्टमध्येच ऐकवली.

हे पोस्ट त्यासाठीच लिहितेय, कारण हल्ली बरेच जण विचारतात की कुत्रं घेतलंय, कुठल्या ग्रुपवर जाऊ, काय विचारू. मी कारवानबद्दल सांगते कारण तेच मला माहितीये, पण तुमच्याकडे लॅब असो नाहीतर पग, बरंचसं लागू पडेल. चार वर्षांत मला कळलेली मेन गोष्ट आधीच सांगून टाकते: ग्रुपला "आपल्या जातीत हे असंच असतं का" एवढंच विचारायचं. "काय झालंय" आणि "काय औषध देऊ" हे नाही विचारायचं. ही दुसरी गोष्ट मी कशी शिकले ते पुढे येईलच.

आधी ग्रुप शोधायचा कसा. या कुत्र्याला नावं किती आहेत ते बघा. आपल्याकडे लातूर-सोलापूर भागात कारवान किंवा कारवानी, पायांना-कानांना लांब केस असलेला असेल तर पश्मी, आणि कर्नाटकात गेलात की मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया याला कॅरवान हाउंड म्हणून नोंदवतं आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. पोस्टाने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यावरही मुधोळ हाउंडच लिहिलंय. त्यामुळे फेसबुकवर नुसतं कारवान टाकून शोधलंत तर अर्धी मंडळी सापडणारच नाहीत, मुधोळ आणि पश्मी टाकूनही शोधा. आणि कारवान खरा की मुधोळ खरा हा वाद ग्रुपवर दर दोन महिन्यांनी पेटतो, मुधोळच्या घोरपडे राजांपासून सुरू होऊन कोणाच्या तरी आईवर जाऊन संपतो, त्यात पडू नका. नोटिफिकेशन आठ तास म्यूट करायचं, बास.

ग्रुपवर आलात की लगेच काही टाकू नका, आठवडाभर नुसतं वाचा. मी एकच गोष्ट बघते, ग्रुपवर म्हातारी कुत्री दिसतात का. तोंडाला पांढरी झालेली, आठ-दहा वर्षांची, सोफ्यावर आडवी पडलेली. ती दिसत असतील तर लोकं कुत्रं सांभाळतायत आणि सांभाळून झाल्यावरही ग्रुपवर टिकून आहेत. सगळी पिल्लंच पिल्लं, प्रत्येकाखाली "डीएम फॉर प्राइस", म्हणजे तो बाजार आहे, तिथे तुम्हाला पिल्लू मिळेल पण त्याला तिसऱ्या दिवशी जुलाब लागले की फोन कोणी उचलणार नाही. पिल्लू घ्यायचंच असेल तर २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू घेऊन जा म्हणणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी तिथूनच नमस्कार करा. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीचं केंद्र आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी तिकडे चौकशी करावी.

अजून एक, आणि हे कारवानच्या ग्रुपवरच जास्त. ससा धरल्याचे व्हिडिओ. लोकं अभिमानाने टाकतात, खाली शंभर बदाम. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असा व्हिडिओ म्हणजे स्वतःच्या हाताने केलेला पंचनामाच. असला ग्रुप असेल तर बाहेर पडा, कुत्र्याबद्दल शिकायला दुसऱ्या जागा आहेत.

आता ग्रुपचा खरा उपयोग कुठे होतो ते. जातीच्या शरीराबद्दल जे बारीकसारीक असतं, जे पेट शॉपवाल्याला माहीत नसतं आणि डॉक्टरांच्या रोजच्या बघण्यात नसतं, ते. उदाहरणार्थ पट्टा. कारवानचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. म्हणजे साधा बकलचा पट्टा कितीही घट्ट बांधा, कुत्रं मागे सरकलं, मान खाली घातली, की पट्टा कानांवरून सुळकन निघतो आणि तुमच्या हातात नुसती दोरी. हे मी सिंहगड रोडवर बसच्या हॉर्नला अनुभवलंय, माझं नशीब म्हणून ती पळाली ती घराकडे. ग्रुपवर सांगितल्यावर तीन जणांनी एकच शब्द टाकला, मार्टिंगेल. ह्या पट्ट्याला दोन रिंगा आणि मधे एक छोटा फास असतो, कुत्र्याने मागे ओढलं की तो तेवढ्यापुरता आवळतो आणि ढील दिली की सुटतो, गळा दाबत नाही. पट्टा कानामागे वर बसला पाहिजे आणि पूर्ण आवळलेला असताना दोन्ही रिंगा एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या म्हणजे पट्टा मोठा आहे. ही रिंगांची गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नव्हती, ग्रुपवर एका मुलाने फोटोवर लाल गोल काढून दाखवली.

तसंच भुलीचं. हरणीचं ऑपरेशन करायचं होतं तेव्हा ग्रुपवरच्या एका ताईंनी सांगितलं की डॉक्टरांना आधीच म्हणा, ही साईटहाउंड आहे, म्हणजे नजरेने शिकार टिपून पळणारी, ग्रेहाउंडसारखी. अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीच्या औषधाचा अंमल या कुत्र्यांमध्ये फार वेळ राहतो. ग्रेहाउंडमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय, त्यांच्या लिव्हरला ते औषध निपटायलाही वेळ लागतो. मी डॉक्टरांना हे ज्ञान म्हणून नाही दिलं, नुसतं विचारलं की भुलीला कुठलं औषध वापरता, ही ग्रेहाउंडच्या वळणाची आहे. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं आम्ही दुसरं वापरतो. संपलं. ग्रुपवर वाचलेलं डॉक्टरांसमोर प्रश्न म्हणून ठेवलं की बहुतेक डॉक्टर छान बोलतात, "आमच्या ग्रुपवर तर असं म्हणतात" ने सुरुवात केली की त्यांचा चेहरा पडतो, साहजिक आहे.

आता माझी चूक सांगते.

मागच्या गणपतीनंतर हरणीचं खाणं कमी झालं. फार नाही, ताटात थोडं उरायचं. मी आपलं फोटो काढला, ग्रुपवर टाकला, बारीक दिसतेय का? दहा-बारा उत्तरं. कारवान असंच असतं. खायला नखरे करतातच. आमचा तर दोन दिवस तोंड लावत नाही. लातूरच्या काकांनीही अंगठा दाखवला. मी निवांत झाले, सहा दिवस निवांत. सातव्या दिवशी सकाळी पांढऱ्या फरशीवर तिच्या नाकातून पडलेले रक्ताचे थेंब, हॉलपासून बाल्कनीपर्यंत, नाण्याएवढे. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा आजार. प्लेटलेट ४२ हजार. काट्यावर उभी केली तर १७.६ किलो, जूनमध्ये १९.४ होती.

ग्रुपचं काय चुकलं? खरं सांगू का, काहीच नाही. त्यांनी फोटो बघितला, फोटोतलं कुत्रं कारवानला शोभेल असंच बारीक होतं, त्यांनी तसं सांगितलं. ज्या उत्तराने मला पहिल्या वर्षी वाचवलं त्याच उत्तराने या वेळी घात केला, कारण प्रश्नच मी अर्धा विचारला होता. फोटोत वजन दिसत नाही. जूनपासून पावणेदोन किलोच्या वर गेलेत हे मला तरी कुठे माहीत होतं. आणि पावसाळा संपता संपता गोचिडांचा सीझन असतो, खाणं कमी झालंय, हिरड्या फिकट पडल्यात का हे बघायचं सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं. डॉक्सीसायक्लिन महिनाभर चाललं, उतरली ती त्यातून. त्यातही गंमत म्हणजे रिपोर्ट ग्रुपवर टाकल्यावर एक जण म्हणालाच, साईटहाउंडच्या प्लेटलेट कमीच असतात, घाबरू नका. ग्रेहाउंडच्या इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात हे खरंय. पण नाकातून रक्त येतंय अहो.

तेव्हापासून मी ग्रुपवर प्रश्न टाकायची एक पद्धत केलीये, तुम्हीही तशीच टाका. हा माझा एक मेसेज जसाच्या तसा:

"हरणी, मादी, ४ वर्षं, ऑपरेशन झालंय. आज वजन १९.१, १ तारखेला १९.३. कालपासून डावा पुढचा पाय टेकवताना जपून टेकवतेय, पळते पण वळताना थांबते. खाणं-पाणी-शी सगळं नेहमीसारखं. ताप नाही, १०१.४. पंजा बघितला, काटा नाही, नख तुटलेलं नाही. व्हिडिओ खाली. उद्या संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीये. तोवर फिरवू की पूर्ण आराम? कोणाच्या कारवानला पळून असं झालंय का?"

यात काय आहे बघा. वय, मादी की नर, वजन आणि आधीचं वजन, कधीपासून, काय नेहमीसारखं आहे तेही, आणि डॉक्टरांची वेळ घेतलीये हे. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची, ती असली की औषधं सांगणारे आपोआप गप्प बसतात आणि अनुभववाले बोलायला लागतात. याउलट "प्लीज हेल्प, डॉगी लंगडतोय, अर्जंट" असं टाकलं की पंचवीस उत्तरं येतात, त्यातली दहा हळदीची.

फोटो काढायचा तर कुत्रं सपाट जमिनीवर उभं, मोबाईल त्याच्या पोटाच्या उंचीला, बाजूने. आपण उभं राहून वरून फोटो काढतो त्यात सगळीच कुत्री काडीपैलवान दिसतात. हिरड्यांचा फोटो खिडकीशी दिवसाउजेडी, ट्यूबच्या उजेडात गुलाबी-पांढरं काही कळत नाही. लंगडण्याचा व्हिडिओ नुसता बाजूने नको, तुमच्याकडे चालत येताना आणि लांब जाताना असाही घ्या, कुत्र्याला दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा.

औषधांचं थोडक्यात. माणसाचं कुठलंही पेनकिलर ग्रुपच्या सांगण्यावरून देऊ नका, पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक तर अजिबातच नाही. गुरांना लावायचं गोचिडाचं औषध अंदाजे पातळ करून फासू नका, आमच्या ग्रुपवर गावाकडची मंडळी बरीच आहेत, हा सल्ला हमखास येतो आणि मनापासून येतो. आणि एका जातीला चाललं म्हणून दुसरीला चालतंच असं नाही, कोली नावाच्या मेंढपाळी जातीच्या घराण्यातल्या बऱ्याच कुत्र्यांना जनुकामुळे आयव्हरमेक्टिन या जंत-किड्यांवरच्या औषधाचा मोठा डोस बाधतो, मेंदूवर जातो, हे त्या जातीच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी सांगतात आणि बाकीच्यांना पत्ताच नसतो. जातीचा वेगळा ग्रुप हवा तो याच्यासाठीच.

आणि काही वेळा ग्रुपवर प्रश्नच टाकायचा नाही, गाडी काढायची. पोट ढोलासारखं टम्म आणि ओकारी काढतंय पण काही पडत नाहीये, हे खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ पडल्याचं लक्षण असतं, तास-दोन तासांचा खेळ असतो. ऊन लागून कोसळलं, फिट आली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तेव्हाही तेच. अशा वेळी ग्रुपला एकच प्रश्न, गाडीत बसल्यावर: "सिंहगड रोड भागात आत्ता कुठलं हॉस्पिटल उघडं आहे?" रात्री दोन वाजता याचं उत्तर गूगलपेक्षा ग्रुपवर लवकर येतं, कारण गूगलवर चोवीस तास लिहिलेलं असतं आणि शटर बंद असतं, ग्रुपवरचा माणूस गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलेला असतो.

रक्ताचंही तसंच. टिक फीव्हरमध्ये, विशेषतः बबेसिया या त्याच्या प्रकारात, कुत्र्याला कधीकधी रक्त चढवावं लागतं आणि कुत्र्यांच्या ब्लड बँका आपल्याकडे हाताच्या बोटांवर. आमच्या ग्रुपवर डोनर कुत्र्यांची यादी करून ठेवलीये, भाग, वजन, लसीकरणाची तारीख असं. वजन साधारण २५ किलोच्या वर लागतं, अंगाने धडधाकट, आणि टिक फीव्हर होऊन गेलेलं कुत्रं सहसा घेत नाहीत, म्हणजे आमची हरणी दोन्हीत नापास. क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतंय का ते बघणं, डॉक्टर करतात, आपलं काम मोठा शांत कुत्रा आणि त्याचा मालक वेळेत तिथे पोचवणं. तुमच्या ग्रुपवर अशी यादी नसेल तर आजच करा, गरज पडेल त्या रात्री करायला बसू नका.

दिवाळीत कुत्रं हरवणं हा एक वेगळाच विषय. फटाक्याला घाबरून पळालेलं कारवान घराच्या आसपास सापडत नाही, दहा मिनिटांत ते दोन-तीन गावठाणं ओलांडून गेलेलं असतं. लक्ष्मीपूजनाला आमच्या ग्रुपमधल्या एकाचा नर असाच नऱ्ह्यातून गेला, तिसऱ्या दिवशी खेड शिवापूरच्या अलीकडे शेतात दिसला. सापडला तो दोन गोष्टींमुळे. फोन नंबर एकच दिलेला, मालकाच्या बहिणीचा, आणि दिसलं की कोणी हाका मारत मागे धावायचं नाही, फक्त लोकेशन पाठवायचं असं बजावलेलं. घाबरलेल्या कुत्र्यामागे चार अनोळखी माणसं धावली की ते अजून पळतं, आणि कारवानशी पळण्यात कोण जिंकणार. मालक जाऊन शेताच्या बांधावर पाठ करून खाली बसला, खिशात उकडलेली कलेजी. पाऊण तासाने आला तो.

फॉरवर्डचं एक राहिलंच. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने २३ जातींबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं, या कुत्र्यांना परवानगी देऊ नका म्हणून. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, पण त्याचा फॉरवर्ड अजून फिरतोय, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला होता. त्या यादीत कारवान नव्हतंच मुळात. भांडत बसण्यापेक्षा भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांना नेऊन द्या, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ती पीडीएफ मला ग्रुपवरच्या एका वकील मुलीने दिली. सोबत शी उचलायची पिशवी मात्र रोज खिशात ठेवा, नाहीतर कुठलीच पीडीएफ कामाला येत नाही.

परवा ग्रुपवर एक नवीन मुलगा आला, सांगलीचा, पहिलाच मेसेज, बरगड्या दिसतायत, नॉर्मल आहे का. लातूरच्या काकांच्या आधी मीच टाईप केलं, वजन किती, मागच्या महिन्यात किती होतं. तो म्हणाला ताई काटा नाहीये. म्हटलं बाथरूमचा आहे ना, त्यावर आधी एकटा उभा राहा, मग कुत्र्याला उचलून उभा राहा, वजाबाकी कर. फक्त कारवानला उचलताना एक हात छातीखाली आणि एक मांड्यांच्या मागून घ्यायचा, पोटाखालून उचललंस तर चारी पाय चार दिशांना जातात आणि काट्यावर कधीच आकडा स्थिर होत नाही.